पोलिसांचे मूत्र, पोलिसांची भरती : स्त्रीच्या रक्ताची चाचणी नेमके काय सांगते? (धागा)

१९३१ साली आडोल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुमारे १५,००० लिटर मूत्रातून जेमतेम १५ मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले. मूत्र पोलिसांचे होते. निरोगी, तरुण, बराकीत एकत्र राहणारे पुरुष. पुरवठा भरपूर आणि खात्रीचा. त्या स्फटिकांना ‘अँड्रोस्टेरॉन’ असे नाव मिळाले. पुरुषत्वाचे रसायन हाती लागले, असा त्या काळाचा समज झाला.

सत्त्याऐंशी वर्षांनंतर, २०१८ साली, नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत एका तरुणीने अर्ज भरला. ती लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली, मैदानी चाचणी उत्तीर्ण झाली. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि तिथे एका अहवालाने तिला ‘पुरुष’ ठरवले.

या दोन घटनांना जोडणारा धागा विज्ञानाच्या इतिहासात आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. स्त्रीच्या शरीरातील पुंसंप्रेरके मोजण्याची विद्या एका विशिष्ट प्रश्नासाठी जन्माला आली : ही संप्रेरके कुठल्या ग्रंथीतून येत आहेत? हा उपचाराचा प्रश्न होता. मात्र क्रीडासंस्था, भरती मंडळे आणि कचेऱ्या यांनी तिच्याकडून, आणि तिच्या भावंडांकडून, निराळ्याच प्रश्नाचे उत्तर मागितले : ही स्त्री आहे काय? परिणाम असा की जिथे ही चाचणी व्हायला हवी तिथे ती होत नाही, आणि जिथे तिचे काहीच काम नाही तिथे ती माथी मारली जाते.

आधी नाशिकचे प्रकरण. तरुणीने अनुसूचित जाती प्रवर्गातून अर्ज केला होता. वैद्यकीय तपासणीत गर्भाशय आणि अंडाशय नसल्याचे दिसले. त्यानंतर गुणसूत्रांची चाचणी, म्हणजे कॅरिओटाइप, करण्यात आली. त्या अहवालावर बोट ठेवून तिची निवड रोखण्यात आली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे साधे होते : शरीरातील या वेगळेपणाची तिला कल्पनाच नव्हती, जन्मापासून ती मुलगी म्हणून वाढली, शिकली, शाळेपासूनची सारी कागदपत्रे स्त्री म्हणूनच आहेत.

हे प्रकरण गुणसूत्रांचे होते, संप्रेरकांचे नव्हते, हे खरे. पण या दोन चाचण्या एकाच घरातल्या आहेत, आणि एकीची गोष्ट दुसरीवाचून कळत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते, पार नेपल्सपर्यंत.

१८६५ साली लुइजी दे क्रेक्किओ या इटालियन वैद्याने एका शवाचे विच्छेदन केले. मृताचे नाव जुझेप्पे मार्झो. जन्मल्यावर सुईणीने ‘मुलगी’ म्हटले होते. चार वर्षांचे असताना एका शल्यवैद्याने ‘मुलगा’ म्हटले. पुढचे सारे आयुष्य पुरुषाचे. शवविच्छेदनात मात्र गर्भाशय, अंडाशय आणि बीजनलिका आढळल्या. आणि आणखी एक गोष्ट : मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी प्रमाणाबाहेर मोठ्या होत्या. दे क्रेक्किओने ते नोंदवून ठेवले. त्या वाढलेल्या ग्रंथींचा अर्थ लागायला पुढे कित्येक दशके गेली.

सुईण एक म्हणाली, शल्यवैद्य दुसरे म्हणाला, शव तिसरेच बोलले. जिवंत माणसाने आपले आयुष्य आधीच जगून घेतले होते. या इतिहासात पुढे जे काही घडते त्याचा हा जणू नमुनाच.

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकाची भाषा अजून कुतूहलाची होती, थोडी क्रूरही. १९२१ साली फ्रान्समध्ये आशार आणि थिएर या दोघांनी एका विकाराला दिलेले नाव होते ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’. रुग्णाच्या हनुवटीकडे बघून रोगाचे बारसे करणारा तो काळ. तरीही त्या नावातून एक शंका पुढे आली, ती महत्त्वाची : केस, साखर आणि अधिवृक्क यांचा आपसांत काही संबंध असावा.

मग संप्रेरकांचे दशक उजाडले. एस्ट्रोजेन स्त्रीचे, अँड्रोजेन पुरुषाचे, अशी सुटसुटीत वाटणी सगळ्यांना हवी होती. निसर्गाने ती मानली नाही. १९३४ साली बर्नहार्ट झोंडेक यांनी दाखवून दिले की ‘स्त्री-संप्रेरक’ विपुल प्रमाणात सापडते ते घोड्याच्या मूत्रात. घोडीच्या नव्हे, वयात आलेल्या नराच्या! त्याच वर्षी बुटेनांट यांनी पुरुषांच्या मूत्रातून डीएचईए हे आणखी एक पुंसंप्रेरक वेगळे केले. ते मुख्यतः येते अधिवृक्क ग्रंथीतून, आणि ती ग्रंथी स्त्रीलाही असते, पुरुषालाही.

इथे पोलिसांच्या त्या पिंपांकडे पुन्हा बघावे. पुरुषाच्या मूत्रात या वर्गातली जी द्रव्ये उतरतात त्यांचा सुमारे दोन तृतीयांश भाग अधिवृक्कातून येतो, वृषणातून केवळ एक तृतीयांश. म्हणजे पुरुषत्वाचा अर्क म्हणून जे आटवले जात होते, त्यातला बराचसा वाटा अशा ग्रंथीचा होता जी त्या पोलिसांच्या आया-बहिणींनाही होती.

१९३५ साली त्सिमरमान यांनी एक रासायनिक क्रिया शोधली. मूत्रातील या द्रव्यांना, ज्यांना १७-किटोस्टिरॉइड म्हणतात, विशिष्ट रसायन आणि अल्कली मिळताच जांभळा रंग चढतो. रंग जितका गडद तितके संप्रेरक अधिक. चोवीस तासांचे मूत्र बाटलीत साठवायचे आणि त्याचा जांभळेपणा मोजायचा. स्त्रीच्या मूत्रात ही द्रव्ये जवळजवळ सगळी अधिवृक्कातूनच येत असल्याने रंग फार गडद झाला की नजर थेट त्या ग्रंथीकडे वळे. स्त्रीच्या अधिवृक्कातील अतिरिक्त पुंसंप्रेरक ओळखण्याची ही पहिली वापरात आलेली खूण. ती चाळीसएक वर्षे टिकली.

याच सुमारास लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात लेनॉक्स ब्रॉस्टर हे शल्यविशारद पुरुषी लक्षणे दिसू लागलेल्या स्त्रियांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करत होते. त्यांचे सहकारी व्हाइन्स यांनी काढलेल्या ग्रंथीच्या कापांवर एक लाल रंगद्रव्य घालून पाहिले. काही पेशी लाल होत. पुंसत्वाचा कारखाना डोळ्यांना दिसला, असे त्यांना वाटले. १९३३ साली ब्रॉस्टर-व्हाइन्स यांचे पुस्तकही आले. आज तो लाल रंग कुणी वापरत नाही.

टिकली ती दुसरीच गोष्ट. १९३७ साली बटलर आणि मॅरिअन या जीवरसायनज्ञांनी अशाच स्त्रियांच्या मूत्रातून ‘प्रेग्नेनट्रायॉल’ वेगळे केले. ते पुंसंप्रेरक नाही. त्याच्यात पुरुषी असे काही नाही. ते फक्त एवढेच सांगते की ग्रंथीच्या आत रसायनांची एक वाट अडली आहे. पुंसत्व शोधायला निघालेल्यांच्या हाती रंग लागला आणि तो विरला. बिघाड शोधायला निघालेल्यांच्या हाती जी खूण लागली ती अद्याप उपयोगात आहे. या साऱ्या इतिहासात यापेक्षा बोलका प्रसंग नाही.

ब्रॉस्टर यांच्याच हातून १९३६ साली मार्क वेस्टन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. मेरी वेस्टन या नावाने ते इंग्लंडमधील नामांकित गोळाफेकपटू होते. शस्त्रक्रियेनंतर ते पुरुष म्हणून जगले. चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू झ्देनेक कौबेक यांची कहाणीही त्याच सुमारास वृत्तपत्रांत गाजली. ते बर्लिन ऑलिंपिकचे वर्ष. अमेरिकेचे क्रीडाधुरीण अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांनी स्त्री खेळाडूंची वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी मागणी केली. रुग्णालयातला प्रश्न मैदानात आला तो इथे.

पण मैदानाआधी प्रयोगशाळेची पुढची वाटचाल पाहायला हवी, कारण खरे काम तिथे झाले.

१९५० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉसन विल्किन्स यांनी अशा मुलींना कॉर्टिझोन देऊन पाहिले. मूत्राचा जांभळा रंग उतरला. ज्यासाठी त्याआधी ग्रंथी कापल्या जात होत्या तो विकार औषधाने आवाक्यात आला. चाचणीचे सार्थक त्या दिवशी झाले, कारण आकडा खाली आला आणि मुलगी वाचली.

हे कसे घडते ते समजायला नाशिककराला पाटाचे उदाहरण पुरेल. कळवण-सटाणा भागात फड बागायतीचा जुना वारसा आहे; बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि फडाफडाला पाणी वाटत जातो. एका फडाचे दार गाळाने अडले तर पाणी थांबत नाही, ते मागे तुंबते आणि शेजारच्या फडात घुसते. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार करणारी अशीच एक वाट असते. २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर जन्मतः दुबळे असेल तर ती अडते. अलीकडचे द्रव्य, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तुंबते आणि शेजारच्या वाटेने वाहत जाऊन पुंसंप्रेरक बनते. कॉर्टिसॉल पुरेसे नाही म्हणून मेंदूतली पीयूषिका ग्रंथी आणखी आणखी पाणी सोडत राहते, आणि तुंबारा वाढत जातो. बाहेरून कॉर्टिझोन दिले की वरचे पाणी कमी होते. प्रेग्नेनट्रायॉल म्हणजे या तुंबलेल्या द्रव्याचा मूत्रात उतरलेला अवशेष. बटलर-मॅरिअन यांना सापडली होती ती पाटाची गळती.

पुढे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी खूण लावून रक्तातील अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत घडवली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. तोपर्यंत बर्सन हयात नव्हते. चोवीस तासांच्या बाटलीची जागा रक्ताच्या एका नळीने घेतली. फ्रान्समध्ये एतियेन-एमिल बोलिए यांनी १९६०च्या आसपास दाखवले की अधिवृक्क ग्रंथी डीएचईएचे गंधकयुक्त रूप, डीएचईए-एस, रक्तात सोडते.

आज स्त्रीच्या अधिवृक्काकडे बोट दाखवणारी मुख्य खूण हीच. कारण सरळ आहे. टेस्टोस्टेरॉन अंडाशयातून येते, अधिवृक्कातून येते आणि इतर ऊतींत रूपांतर होऊनही येते. ते वाढले म्हणून उगम कळत नाही. डीएचईए-एस मात्र जवळजवळ संपूर्णपणे अधिवृक्काचे. ते रक्तात बराच काळ टिकते, दिवसभरात फार चढउतार करत नाही, म्हणून कोणत्याही वेळी घेतलेला एक नमुना पुरतो. १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे तसे नाही. ते सकाळी लवकर आणि पाळीच्या पहिल्या काही दिवसांतच मोजावे लागते. दुपारी घेतलेला नमुना दिशाभूल करू शकतो. ते थोडे वाढलेले आढळले तर ग्रंथीला उत्तेजन देणारे इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. डीएचईए-एस डेसिलिटरला ७०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर गाठीची शंका घ्यायची, असा जुना दंडक आहे. पण तोही निरपवाद नाही. काही गाठी केवळ टेस्टोस्टेरॉन सोडतात. आवाज काही महिन्यांत घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले, पाळी बंद पडली, तर हा वेग कोणत्याही आकड्याहून अधिक सांगतो.

आणि वय. डीएचईए-एस विशीत सर्वाधिक असते आणि मग उतरत जाते. सत्तरी-ऐंशीत त्याचा अल्प अंश उरतो. बावीस वर्षांच्या मुलीचा अहवाल पन्नाशीच्या स्त्रीच्या मोजपट्टीने वाचला तर निरोगी मुलगी रोगी ठरते. शिवाय स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन इतके थोडे असते की नेहमीच्या यंत्रांची पद्धत तिथे चुका करते, हा इशारा अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २००७ सालीच देऊन ठेवला आहे. अहवालाच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा हे असे अनेक अटींवर उभे असलेले विधान असते. त्याला निकालपत्र समजणे ही वाचणाऱ्याची चूक.

आता हे विधान जिथे उपयोगाचे आहे तिथे काय दिसते?

घरात मुलीच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागतात. पाळी चुकते. पहिला सल्ला थ्रेडिंगचा, दुसरा डाळीच्या पिठाचा, तिसरा ‘लग्न झालं की होईल सगळं नीट’ हा. डॉक्टरकडे नेलेच तर ‘पीसीओडी’ हा शब्द कानी पडतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण अधिवृक्कातील ती अडलेली वाट सौम्य स्वरूपात असेल तर चित्र हुबेहूब तसेच दिसते. वेगळेपण कळते ते सकाळच्या एका नळीभर रक्ताने. ती नळी कित्येकदा घेतलीच जात नाही, कारण मुलीच्या अंगावरचे केस हा आजाराचा विषय न ठरता सौंदर्याचा आणि स्थळांचा विषय ठरलेला असतो. अंगावरच्या केसांचे मोजमापही, प्रसंगवश सांगायचे तर, १९६१ साली फेरिमन आणि गॅल्वे यांनी इंग्लंडमधल्या स्त्रिया पाहून बेतले. त्या मापाने दख्खनच्या मुलीला मोजताना जरा सावध असलेले बरे.

तान्ह्या बाळांचे तर याहून गंभीर. ही वाट पुरतीच अडलेली असेल तर शरीरातले मीठ टिकत नाही. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत उलट्या, शोष आणि मृत्यू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर नवजात बालकांची तपासणी करून २०१८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत सुमारे ५,७०० बाळांमागे एक असे प्रमाण आले. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन मोजले की कळते. देशात सर्व बाळांसाठी ही तपासणी आजही सार्वत्रिक नाही. मुलींमध्ये निदान जननांगांचे वेगळेपण डोळ्यांना दिसते; मुलगे वरवर अगदी ठीक दिसतात आणि ‘उलट्या-जुलाबाने’ जातात.

म्हणजे एका बाजूला थेंबभर रक्त मोजले जात नाही आणि बाळ दगावते. दुसऱ्या बाजूला, मैदानावर, रक्त मोजण्याचा उत्साह कधीच ओसरला नाही.

तो इतिहास थोडक्यात असा. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळापुढे विवस्त्र उभे केले गेले. हे फारच लाजिरवाणे म्हणून १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गालाच्या आतल्या पेशी खरवडून गुणसूत्रे पाहू लागले. १९८५ साली स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो त्यात ‘नापास’ झाली. तिचे शरीर पुंसंप्रेरकांना प्रतिसादच देत नव्हते, तेव्हा गुणसूत्रांचा तिला कसलाही लाभ नव्हता. ती भांडली आणि तिने ते सिद्ध केले. ऑलिंपिकने १९९९ साली सरसकट चाचणी थांबवली. २००६ साली दोहा येथे तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे ८०० मीटरचे रौप्यपदक अशाच तपासणीनंतर काढून घेतले गेले. २०११ साली टेस्टोस्टेरॉनचा आकडा आला : लिटरला १० नॅनोमोल. ओडिशाच्या द्युती चंद यांनी त्याला क्रीडा लवादापुढे आव्हान दिले आणि २०१५ साली तो नियम स्थगित झाला. पुढे काही शर्यतींपुरती मर्यादा ५ झाली, २०२३ मध्ये २.५ झाली, आणि सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्सने एका जनुकाची चाचणी आणली. डोळे, गुणसूत्र, संप्रेरक, आणि पुन्हा गुणसूत्रावरचे जनुक. साठ वर्षांत प्रदक्षिणा पूर्ण.

संप्रेरक आणि गुणसूत्र एकमेकांच्या साक्षी आहेत असे मानणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अधिवृक्काची वाट अडलेली आणि उपचार न मिळालेली एक्सएक्स गुणसूत्रांची स्त्री कॅरिओटाइपमध्ये निर्विवाद ‘स्त्री’ ठरते, जरी तिच्या रक्तातील पुंसंप्रेरके फार वर गेलेली असली तरी. आणि पुंसंप्रेरकांना प्रतिसाद न देणारे शरीर घेऊन जन्मलेली एक्सवाय स्त्री कॅरिओटाइपमध्ये ‘पुरुष’ ठरते, जरी त्या संप्रेरकांचा तिच्या स्नायूंवर काडीचा परिणाम नसला तरी. एक चाचणी जिला आत घेते तिला दुसरी संशयित ठरवते. क्रीडासंस्थांनाही हे ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या २०१९ च्या नियमांत एक्सएक्स स्त्रियांना वगळण्यात आले, मग त्यांच्या अधिवृक्काचा आकडा काही असो. म्हणजे निकष संप्रेरकाचा, पण लागू करताना आधार गुणसूत्राचा.

मैदानाच्या बाजूने निदान एक युक्तिवाद आहे. स्पर्धेत सेकंदाच्या शतांशाला मोल असते आणि स्त्रियांचा गट वेगळा ठेवायचा तर कुठेतरी रेघ हवी. या युक्तिवादाचे वजन नाकारण्याचे कारण नाही. पण पोलीस भरतीला तो लागू पडतो काय?

नाशिक हे पोलिसांचे जुने गाव. पुण्याजवळच्या भांबुर्ड्याला १९०६ साली सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये इथे हलली, आणि राज्याच्या उपनिरीक्षकांच्या पिढ्या इथल्या मैदानावर घडल्या. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या, गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुली हे नाशिक जिल्ह्यातले नेहमीचे दृश्य. या मुलींसाठी जागा राखीव आहेत त्या त्यांच्या ग्रंथींमुळे नव्हेत. मुलगी म्हणून वाढताना जे वाट्याला येते, म्हणजे उशिरा मिळालेली सायकल, लवकर ठरलेले लग्न, रात्री एकटीने अभ्यासिकेतून परतण्याची भीती, त्याची ती थोडीशी भरपाई आहे. नाशिकच्या तरुणीने हे सारे वाट्याला घेतले होते. ज्या कारणासाठी आरक्षण आहे ते कारण तिने जन्मापासून जगून दाखवले होते. तिच्या गुणसूत्रांनी त्यातला एक दिवसही वजा होत नाही.

आक्षेप येतो : मग वैद्यकीय तपासणी करायचीच नाही काय? अवश्य करावी. नोकरी झेपेल काय, दृष्टी कशी आहे, हृदय कसे आहे, हे पाहावे. सोनोग्राफीत काही वेगळे दिसले तर ते त्या मुलीला बंद खोलीत, नीट समजावून, पुढच्या उपचाराच्या वाटेसह सांगावे. काही विकारांत शरीरात राहून गेलेल्या ग्रंथींवर लक्ष ठेवावे लागते, हाडांची काळजी घ्यावी लागते, आणि अधिवृक्काचा दोष असेल तर ताणाच्या वेळी औषधाची मात्रा वाढवावी लागते, नाही तर जिवावर बेतते. वैद्यकाचा अहवाल आधी रुग्णाचा असतो. इथे तो आधी निवडयादीचा झाला. आपल्या शरीराविषयीची एवढी मोठी गोष्ट एखाद्या तरुणीला नोकरी नाकारली जाण्याच्या ओघात कळावी, यात कायद्याचा भंग शोधण्याआधी वैद्यकाच्या जुन्या शपथेचा भंग दिसतो.

मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठापुढे महाधिवक्ता आशुतोष कुंभकोणी यांनी सांगितले की शासनाने या प्रकरणाकडे सहानुभूतीने पाहण्याचे ठरवले आहे. खंडपीठाने हे अत्यंत दुर्दैवी प्रकरण असल्याचे नमूद केले. याचिकाकर्तीचा काहीही दोष नाही, ती स्त्री म्हणूनच जगत आणि आपली वाट चालत आली, अशीही नोंद केली. नाशिकच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांनी गृहविभागाकडे शिफारस पाठवायची आणि शासनाने दोन महिन्यांत निर्णय घ्यायचा, असे ठरले. सेवेच्या अटी आणि लाभ त्या पातळीवरील इतरांसारखेच.

न्यायालयाने अहवालापेक्षा आयुष्य पाहिले, हे या प्रकरणाचे मोल. पण ‘सहानुभूती’ हा शब्द खटकतो. लेखी परीक्षा तिने सहानुभूतीवर दिली नव्हती, मैदानही नाही. शिवाय सहानुभूतीने सुटलेले प्रकरण पुढच्या मुलीच्या कामी येत नाही. कॅरिओटाइपच्या कागदावरून निवड रद्द करता येते की नाही, हा प्रश्न तसाच उभा राहतो आणि पुढची मुलगी पुन्हा वकिलाच्या दारात.

आणि शासनाने जी नोकरी देऊ केली ती खात्यातली होती, पण शिपायाच्या पदाची नव्हती. ज्या पदासाठी ती धावली होती, तेवढे पद सोडून.